फुकटची फेरी आणि पाच पायांची शेळी

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला जरा लांब फिरायला नेणार आहे. अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये. घाबरू नका, तिकीट काढायचं नाहीये. तिकीट न काढता तिथे अख्खा दिवस कसा पायी फिरता येतो, हेच सांगायला मी आले आहे.

आपल्यातल्या पुष्कळांची मुलं तिकडे आहेत. आईवडील पाच-सहा महिन्यांसाठी जातात, नातवंडं सांभाळतात, लोणची घालतात, आणि एकदा तरी 'डिस्नेला' जाऊन येतात. मुलं कौतुकाने नेतात, खोटं कशाला बोलू! पण तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. एवढे पैसे भरल्यावर ते वसूल करायला सकाळपासून रात्रीपर्यंत पळायचं. रांगेत उभं राहायचं, पाळण्यात बसायचं, पुन्हा रांगेत. गुडघे बदललेल्या माणसाने काय करायचं?

त्याने हॉटेलं बघायची. हो, हॉटेलं. डिस्ने वर्ल्डच्या आवारात पंचवीसेक मोठी रिसॉर्ट हॉटेलं आहेत. (अलीकडे रिसॉर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आमदारच येतात, तो भाग सोडा.) या हॉटेलात राहणाऱ्यांनाच खोल्या आणि पोहण्याचे तलाव वापरता येतात. पण बागा, तळ्याकाठच्या वाटा, दिवाणखाने, दुकानं, खाण्याच्या जागा सगळ्यांना मोकळ्या. एका हॉटेलातून दुसऱ्याकडे जायला बस, होडी, मोनोरेल आणि 2019 पासून आकाशपाळण्यासारख्या डब्यांची 'स्कायलायनर'. ही सगळी वाहनं फुकट. पुन्हा सांगते, फुकट. तिकीट लागतं ते पार्कच्या दारात. हॉटेलांच्या दारात नाही.

तर मी गेले होते माझ्या अक्काबरोबर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. राहणार म्हसवडजवळच्या वस्तीवर, माण तालुका, जिल्हा सातारा. माण म्हटल्यावर दुष्काळ वेगळा सांगायला नको. अक्काने जन्मभर शेळ्या राखल्या. त्या शेळ्यांवर मुलगी शिकवली, ती इंजिनिअर झाली आणि टँपाला नोकरीला लागली. टँपाहून ऑरलँडो गाडीने दीड तास. भाची म्हणाली, "आई, मावशी, तुम्हाला डिस्नेला नेते." अक्काने पहिला प्रश्न विचारला तो तिकिटाचा. आकडा ऐकला, रुपयात केला आणि म्हणाली, "तेवढ्यात दोन पाटी येत्यात." पाटी म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते. विषय संपला.

मग भाचीने हा हॉटेलांचा बेत काढला. 'कंटेम्पररी' नावाच्या हॉटेलात न्याहारीचं टेबल आधीच राखून ठेवलं. एवढं मात्र करा हं. स्वतःची गाडी घेऊन गेलात तर फाटकावरचा माणूस विचारतो, कशासाठी आलात. गर्दीच्या दिवशी खाण्याचं बुकिंग नसेल तर परतही पाठवतो.

हे कंटेम्पररी हॉटेल 1971 सालचं, डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंग्डम हे तिकिटाचं पार्क उघडलं त्याच वर्षीचं. आकार इंग्रजी ए अक्षरासारखा, दोन्हीकडून उतरतं. खोल्या दुसरीकडे पूर्ण तयार करून आणल्या, पलंगाच्या जागेसकट, आणि पोलादी सांगाड्यात क्रेनने सरकवल्या. कपाटात खण सरकवावा तशा. आणि इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते! आपण चौथ्या मजल्यावर चहा पितोय आणि डोक्यावरून गाडी सरकतेय. चहा मात्र विचारू नका. कोमट पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पुडी. एवढा मोठा देश, चंद्रावर जाऊन आला, पण चहा उकळायला यांना कोणी शिकवलं नाही.

त्या चौथ्या मजल्यावर मधोमध एक उंचच उंच खांबासारखी भिंत आहे. लिफ्टा तिच्या आत आहेत. तिच्यावर चारी बाजूंनी फरश्यांचं चित्र, नव्वद फूट उंच. मेरी ब्लेअर नावाच्या चित्रकर्तीने केलेलं. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' म्हणून होडीतून जायची जी राइड आहे ना, जगभरच्या मुलांच्या बाहुल्या असलेली, तिच्यामागचे रंगही याच बाईंचे. इथे त्यांनी ग्रँड कॅनियन या अमेरिकेतल्या प्रचंड दरीचा मुलूख काढलाय. तिथली आदिवासी मुलं, पक्षी, फुलं, जनावरं. सुमारे 18,000 फरश्या, हाताने रंगवलेल्या.

भाची फोटो काढत होती. मी बाकड्यावर टेकले. अक्का मान वर करून उभी. नऊवारी, वर स्वेटर, पायात लेकीने घेतलेले बूट. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं, चक्कर तर येत नाही ना हिला.

तर म्हणाली, "धाकले, हिकडं ये. ह्या शेळीला पाच पाय हायती."

मी म्हटलं, "अक्का, चित्र आहे ते. एकामागे एक शेळ्या आहेत, मागचीचा पाय दिसत असेल."

"मागं कोन न्हाय तिच्या. तू मोज."

मी मोजले. चश्मा पुसून पुन्हा मोजले. एक, दोन, तीन, चार... पाच. श्रोतेहो, खरंच पाच पाय! मोनोरेलच्या बाजूला तोंड केलेल्या भिंतीवर एक शेळी आहे, पाच पायांची. भाची फोनवर शोधायला लागली, आणि मग कळलं की ही शेळी प्रसिद्ध आहे. लोक ती शोधायला येतात. ठाऊक असूनही पुष्कळांना पटकन सापडत नाही. आणि आमच्या अक्काला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला कसं दिसलं गं?"

तर माझ्याकडे अशी बघितली, जणू मीच येडी. "सांच्याला शेळ्या कोंडताना काय बघतीस? तोंड का पाय? कोन लंगडतंय ते बघायचं. मोजत न्हाय मी, दिसतं."

पुढचं ऐका. अक्काने पदर डोक्यावरून घेतला आणि त्या भिंतीला हात जोडले. तुम्हाला आठवत असेल, आपल्या दारावर पाच पायांची गाय घेऊन येतात. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, आणि वशिंडापाशी एक लहानसा पाय लोंबत असतो. बायका सुपातून धान्य आणतात, हळदकुंकू लावतात. अक्काच्या हिशेबाने पाच पायांचं जनावर दारी आलं की काहीतरी घालायचंच. इथे दारी आपण गेलोय, तर आपणच घालायचं. तिने कमरेची चंची सोडली, त्यातून पाव डॉलरचं नाणं काढलं आणि ते कुठे ठेवायचं म्हणून भिंतीखाली जागा शोधायला लागली. चकचकीत फरशी. कोनाडा नाही, दिवळी नाही.

तेवढ्यात हॉटेलमधल्या एक बाई आल्या. वयस्कर, केस पांढरे. मला धस्स झालं. म्हटलं, आता काहीतरी बोलणार. भाचीने गडबडीने इंग्रजीत सगळं सांगितलं. शेळी, पाय, गाय, सूप, धान्य. त्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि अक्काला विचारलं, "कोणी दाखवली?" भाची म्हणाली, "कोणी नाही. आईच्या शेळ्या आहेत." बाईंनी अक्काचा हात हातात घेतला, आणि नाण्यासकट मूठ हलकेच मिटून परत दिली.

त्या म्हणाल्या, हा पाय चित्रकर्तीने मुद्दाम काढला असं सांगतात. तिकडच्या आदिवासींच्या विणकामात एखादी चूक ठेवतात म्हणे, कारण संपूर्ण बिनचूक फक्त निर्माणकर्ता. भाचीने हे मराठीत सांगितल्यावर अक्का म्हणाली, "चूक कशापायी? एक पाय जास्तीचाच हाय की."

अक्काचं लक्ष बाईंच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. तिथे प्रत्येक कामगाराच्या बिल्ल्यावर नाव असतं आणि नावाखाली त्याचं गाव. अक्काला हे फार पटलं. "नावासंगं गाव पायजेच." मलाही पटलं. मी पोस्टात तेहतीस वर्षं काढली, गाव नसलेल्या पाकिटांनी किती छळलंय ते मला विचारा. हल्ली फोनवर लोक 'लोकेशन पाठवते' म्हणतात, पत्ता कुणाला तोंडपाठ नाही.

तर बाई जाऊन एक गोल बिल्ला घेऊन आल्या. 'पहिली भेट' असं इंग्रजीत छापलेला, खाली नाव लिहायला जागा. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला मागितला तर फुकट देतात. अक्काने लेकीकडून लिहून घेतलं: अक्का. आणि त्याच्याखाली, जागा नव्हती तरी दाटीवाटीने: म्हसवड.

अरे देवा, काचेपलीकडून मला हात दाखवताहेत. वेळ बरीच गेली. वाटा राहिल्याच की सांगायच्या!

पटपट सांगते. कंटेम्पररीहून मॅजिक किंग्डमच्या दारापर्यंत पायी दहा मिनिटं. आत जायचं नाही, मोनोरेलमध्ये बसायचं आणि 'पॉलिनेशियन' हॉटेलला उतरायचं. तिथे नारळ, केळी, पांढरी वाळू, कोकणात आल्यासारखं. तिथून तळ्याच्या काठाने चालत 'ग्रँड फ्लोरिडियन' हॉटेल. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, 1988 चं बांधकाम असून शंभर वर्षांपूर्वीचं वाटावं असं. तिथून 2020 पासून थेट मॅजिक किंग्डमपर्यंतही पायवाट झालीये. हे तळं माणसांनी खोदलेलं, बरं का. त्यातून निघालेली माती टाकून पार्कची जमीन उंच केली, आणि खाली कामगारांचे बोगदे. म्हणजे लोक पार्कात जमीन समजून चालतात ती खरं तर वरच्या मजल्यावरची.

दुसरी फेरी एपकॉट नावाच्या दुसऱ्या पार्कामागच्या क्रेसेंट लेक या तळ्याभोवती. 'बोर्डवॉक' हॉटेलसमोर लाकडी फळ्यांची रुंद वाट, समोरच्या काठाला 'यॉट क्लब' आणि 'बीच क्लब', पलीकडे छपरावर प्रचंड हंस आणि मासे बसवलेली 'स्वान' आणि 'डॉल्फिन'. रमतगमत पाऊण तास लागतो. वाट सपाट. गुडघेवाल्यांनी हीच धरावी. फक्त चार चाकांच्या सायकली भाड्याने घेऊन पोरं येतात, त्यांच्याकडे लक्ष असू द्या. आपल्याकडे एवढी सलग, खड्डा नसलेली, टपरी नसलेली पायवाट दाखवा मला. महाबळेश्वरलासुद्धा आपण पॉइंटपर्यंत गाडी नेतो, फोटो काढतो, मक्याचं कणीस खातो, परत. चालतो कुठे?

'वाइल्डरनेस लॉज' बघा. ओंडक्यांचं हॉटेल, दिवाणखान्यात झरा उगम पावतो आणि तोच बाहेर वाहत जातो. 'ॲनिमल किंग्डम लॉज'च्या मागच्या अंगणात जिराफ आणि झेब्रे चरतात, कठड्यापाशी उभं राहून कोणीही बघावं. अक्काने तिथे अर्धा तास काढला. जिराफाबद्दल तिचं मत एवढंच, की पाला वरचा वर खातंय, शेळीला खालचा राहतोय, भांडण नाही.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. सकाळी लवकर निघा. पाणी जवळ ठेवा. तळ्यात उतरू नका. सकाळी लवकर, कारण उन्हाळ्यात तिथे दुपारी ऊन, घाम आणि मग विजांचा पाऊस. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तेव्हा हवा छान होती. पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट देतात, पण बर्फ घालून, तेव्हा घसा सांभाळा. आणि तळ्यात पाय घालू नका. फ्लोरिडातल्या पाण्यात मगरी असतात, तशा पाट्या काठाला लावलेल्या आहेत. सकाळ, पाणी, आणि तळ्यात उतरायचं नाही.

रात्रीपर्यंत दम राहिला तर पॉलिनेशियनच्या काठावर नऊच्या सुमारास थांबा. तराफ्यांवर दिव्यांचे देवमासे, कासवं, साप, वाजतगाजत पाण्यावरून जातात. 1971 पासूनची प्रथा. आम्ही पोळीची गुंडाळी खात बघितली. अक्का म्हणाली, रथ हाय.

तिकडून आल्यावर मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला अक्का गेली, ती पदराला तो बिल्ला लावून. निवडणुकीचे दिवस होते. गर्दीत कोणीतरी विचारलं, "आजी, कुठल्या पक्षाचा बिल्ला?"

अक्का म्हणाली, "शेळीच्या."

बराय, येते मी. नमस्कार.