येऊरच्या रानातून कॅमेरा जातो तेव्हा

(सागाचं खोड, जवळून. कापलेला पट्टा लोंबतो आहे.)

समोरच्या झाडावरचा कॅमेरा जागेवर आहे. या झाडावरचा चोरीला गेला. कापलेला पट्टा तेवढा मागे राहिला.

जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे हे कॅमेरे जोडीनं लावतात. बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही बाजू एकदम टिपल्या, तरच हा कालचाच बिबट्या की दुसरा, हे ठामपणे सांगता येतं. एक कॅमेरा गेला, की उरलेल्याचं निम्मं काम अडतं. नवा कॅमेरा विकत आणता येतो. गेलेल्या कार्डातल्या रात्री कुठून आणणार?

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान सगळं मिळून सुमारे 104 चौरस किलोमीटर, आणि चहूबाजूंनी शहर. 2015 साली उद्यान आणि परिसरात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा 35 बिबटे ओळखता आले. ती सगळी ओळख या पेट्यांच्या जिवावर.

गंमत अशी, की या यंत्राचा बाजार वाढवला तो अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांनी. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. शिकारी आधीच झाडावर मचाण बांधतो, वाटेवर कॅमेरा लावतो, घरी जातो. परत येऊन पाहावं तर मचाणही नाही आणि कॅमेराही नाही. पोलादी पेटी आणि जाड तारेचं कुलूप ही त्याच डोकेदुखीची औषधं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली. कॅमेरा वनखात्याच्या आणि अभ्यासकांच्या हाती गेला. डोकेदुखी मात्र तीच.

फक्त इथला चोर थोडा वेगळा. कॅमेरा विकून पैसे करणारे असतीलही. पण पुष्कळदा त्याला नको असतो तो स्वतःचा फोटो. रात्री बंदी असलेल्या भागात शिरलेली मंडळी, बाटल्या घेऊन ओढ्यावर बसलेलं टोळकं, फासे लावणारा. अंधारात लख्खकन फ्लॅश पडतो आणि कॅमेरा स्वतःच स्वतःचा पत्ता सांगतो. मग अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा का लावत नाही? लावतात. तो माणसाला जवळजवळ दिसत नाही. पण त्यात पळता बिबट्या काळापांढरा, धुरकट येतो आणि ठिपके जुळवताना डोळे फुटायची वेळ येते. म्हणजे चोर टाळायचा तर बिबट्या पुसट होतो.

(पोलादी पेटी, तारेचं कुलूप.)

कुलपानं येताजाता हात घालणारा थांबतो. दगड किंवा कोयता घेऊन आलेला थांबत नाही. म्हणून पासवर्ड टाकतात, मागे अनुक्रमांक कोरतात, तोच वहीत लिहितात, आणि कार्ड वरचेवर काढून आणतात. सिमकार्डवाला कॅमेरा फोटो लगेच मोबाईलवर धाडतो, पण घळीत उतरलं की रेंज जाते.

आमच्या मते सगळ्यात भक्कम कुलूप पाड्यावर आहे. पाटोणापाडा असो की आणखी कुठला, तिथल्या माणसांना वाट न् वाट ठाऊक असते. कॅमेरा लावण्याआधी त्यांच्यासमोर बसून सांगावं, हा बिबट्यासाठी आहे, सरपण आणणाऱ्या बाईचा फोटो काढून तिला धरायला नाही. आणि मग तो शब्द पाळावाही. तो मोडला, तर पुढचा कॅमेरा गेल्यावर कुणी काही पाहिलेलं नसतं.

तरीही गेलाच तर? पट्ट्याला हात न लावता फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, वनरक्षकाला खबर, पंचनामा. अनुक्रमांक आणि खरेदीची पावती घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार. 1 जुलै 2024 पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं 303. अनुक्रमांकच नसेल, तर सापडलेला कॅमेरा आपला हे सिद्ध करणं कठीण.

(करवंदीच्या जाळीखाली तारेचा फास.)

आता उलट बाजू. हेही रानात ठेवलेलं शिकारीचं सामानच. बहुधा मोटरसायकलच्या क्लचची तार. लावलेली असते रानडुकरासाठी नाहीतर भेकरासाठी, अडकतो कधी बिबट्याही. फिरायला आलेल्याला वाटतं, उपटून फेकावी. तसं करू नका. तार कुठे, कशी बांधली होती, हा पुरावा असतो. गुन्ह्यात वापरलेला सापळा जप्त झाला की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे तो सरकारजमा होतो. जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

फास ढिला करून वनकर्मचाऱ्यांना तिथंच पाळत ठेवता येते, कारण तारेचा मालक शिकार पाहायला फिरकतोच. अशा ठिकाणी कॅमेरा लावायचा तर अवरक्तच. ठिपके जुळवायचे नसतात, चेहरा धुरकट आला तरी चालतो.