जास्तीची वायर

[दृश्य: उघडं छोटं कॅबिनेट, आत वायरींचा गुंता]

हा मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा, मदरबोर्ड: कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी. 17 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. शेजारी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. दोघांत वीतभरही अंतर नाही, पण त्यांना जोडणारी 24 पिनांची केबल अर्ध्या मीटरहून लांब आहे, कारण ती मोठ्या टॉवर कॅबिनेटच्या मापानं बनली. उरलेली वायर कुठे कोंबायची? बहुतेक जण पंख्यापुढेच कोंबतात. आम्ही ही केबल कापून आखूड करतो.

केबल आखूड केली की कॉम्प्युटर जोरात पळतो, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. अमेरिकी मापात 18 गेजची ही वायर 30 सेंटिमीटरनं कमी केली, तर 5 अँपिअरला जेमतेम 0.03 व्होल्ट वाचतात. फायदा आहे तो जागेचा आणि हवेचा. थोडा हौसेचाही, का नाकारा?

[दृश्य: भिंगाखाली एक पिन]

कापणं सोपं. सगळी गोम आहे ती या पिनेत, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यात. मागे पंखांच्या दोन जोड्या दिसतात: पुढची उघडं तांबं धरते, मागची वायरचं प्लॅस्टिक. वायर साधारण 3 मिलिमीटर सोलायची. जास्त सोलली तर तांबं बाहेर डोकावतं. कमी सोलली तर पंख तांब्याऐवजी प्लॅस्टिकलाच चावतात. सोलताना तांब्याच्या दोन-चार तारा तुटल्या, तर तेवढं टोक कापून पुन्हा सोलायचं. कंटाळा करायचा नाही.

आता क्रिम्परचा, म्हणजे पिन वायरीवर दाबून बसवणाऱ्या पकडीचा, जबडा पाहा. त्याची खाच मधोमध दुभंगलेली आहे. दाब पडतो तसे दोन्ही पंख वर चढतात, आत वळतात आणि तांब्यात शिरतात. तारांमधल्या फटी मिटतात, हवेला शिरायला जागा उरत नाही. साधी पक्कड पंख नुसते चेपते. वरून ठीक दिसतं, आत पोकळ राहतं. अशा सांध्याचा रोध 0.05 ओहम जरी झाला, तरी 6 अँपिअरला तिथे 1.8 वॅट उष्णता होते. एवढ्याशा पिनेत! प्लग तिथूनच काळपट पडायला लागतो.

“त्यापेक्षा सोल्डर मारून टाकू की!” असं हमखास कुणीतरी म्हणतं. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि वाकवताना नेमका तिथेच तुटतो. आधी सोल्डर लावून वर क्रिम्प करणं तर त्याहून वाईट. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि सांधा ढिला पडतो.

[दृश्य: टेबलावर काम सुरू]

एसएमपीएसचा प्लग भिंतीतून काढलेला आहे. त्याचा डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो. आणि हो, कात्री लागली की वॉरंटी गेली.

केबल जिथून जाणार तिथून आधी सुतळी फिरवून माप घ्यायचं, वळणांसाठी थोडी सूट ठेवून. मग एकेक पिन. स्टेपलरच्या दोन पिना प्लगच्या तोंडातून घालून पिनेला अडकवून ठेवणाऱ्या कड्या दाबल्या की पिन मागे सरकते. वायर कापा, नवी पिन बसवा, प्लगमधल्या त्याच घरात परत घाला, ओढून पाहा, मगच पुढची. सगळ्या वायरी काळ्या असतील तर दुसरा मार्गच नाही.

13 नंबरच्या घरात मात्र दोन वायरी असू शकतात. नारिंगी 3.3 व्होल्टची, तिच्यासोबतची बारीक वायर प्लगपाशी पोहोचलेला विजेचा दाब एसएमपीएसला कळवते. दोन्ही एकाच पिनेत हव्यात. 20 नंबरचं घर आजकाल रिकामं असतं, तिथली वायर शोधत बसू नका.

मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे त्याच्या केबली दोन्ही टोकांनी निघत असतील, तर एसएमपीएसकडच्या टोकाला सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरलेली मांडणी नाही. दुसऱ्या कंपनीची केबल बसली म्हणून जुळली असं नव्हे. चुकीची केबल लावली तर हार्ड डिस्क जळू शकते.

[दृश्य: मल्टिमीटरचा आकडा]

मदरबोर्डला जोडण्याआधी तपासणी. वायरी रंगीत असतील तर हिरवी वायर काळीला टेकवली की एसएमपीएस चालू होतो. पिवळीवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25 व्होल्ट आले, म्हणजे ठीक.

ग्राफिक्स कार्डाची नवी केबल, 600 वॅटपर्यंतची, आम्ही कापलेली नाही. तिच्या पिना आणखी बारीक, त्यातून बारा व्होल्टच्या सहा वायरींवर 50 अँपिअर. 2022पासून असे प्लग कारखान्यातून आलेल्या केबलींवरही वितळले आहेत. ती आहे तेवढीच लांब राहील.