पबच्या मागच्या अंगणात मुक्काम

ब्रिस्बेन सोडून पश्चिमेला निघालं की आधी शेतं संपतात, मग कुंपणं विरळ होतात आणि उरते लाल माती. साडेसातशे किलोमीटरवर चार्लव्हिल येतं. ऑस्ट्रेलियात गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे तो प्रश्न नाही. धास्ती असते रोड ट्रेनची. एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर, लांबी पन्नास मीटरच्या पुढे. तो समोरून गेला की आपली कॅम्परव्हॅन हेलकावते आणि कपाटातली सगळी भांडी वाजतात.

चार्लव्हिलच्या कोपऱ्यावर उभं आहे हॉटेल कोरोनेस. 1924 ते 1929 या काळात टप्प्याटप्प्यानं बांधलेलं. मालक हॅरी कोरोनेस, ग्रीसच्या कीथिरा बेटावरून आलेले. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचं पहिलं नियमित विमान 2 नोव्हेंबर 1922 ला याच गावातून क्लॉन्करीकडे निघालं. पुढे 1930 मध्ये इंग्लंडहून एकटीनं विमान चालवत आलेली एमी जॉन्सन इथे उतरली. तिच्या अंघोळीसाठी म्हणे शॅम्पेनच्या 24 बाटल्या टबात ओतल्या. नंतर ती शॅम्पेन परत बाटल्यांत भरली, तर बाटल्या भरल्या 25! खरं-खोटं कोण तपासणार? पण गोष्ट अजून सांगितली जाते.

कोरोनेससारख्या इथल्या पबच्या पाट्यांवर ‘हॉटेल’ लिहिलेलं दिसेल. पूर्वी वाटसरूंसाठी खोल्या ठेवल्याशिवाय दारूचा परवानाच मिळत नसे. म्हणून खाली बार, वर खोल्या आणि पुढे रुंद व्हरांडा. गावात नवा आलेला माणूस आधी इथेच टेकायचा. काम कुठे आहे, पाऊस कुठे पडला, कोणत्या मालकाकडे जाऊ नये, हे सगळं इथेच कळायचं.

उत्तरेला तीनशे किलोमीटरवर ब्लॅकॉल. इथल्या एका पबचा मालक होता जॅकी हाऊ. त्याआधी तो मेंढ्यांची लोकर कातरायचा. ऑक्टोबर 1892 मध्ये, जवळच्या अ‍ॅलिस डाउन्सच्या शेडमध्ये, त्यानं साध्या हातकात्रीनं 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कातरल्या. म्हणजे मेंढीमागे दीड मिनिटसुद्धा नाही. हा आकडा मागे पडायला 1950 साल उजाडलं, आणि तेही यंत्राची कात्री हातात असताना. असा माणूस काउंटरमागे उभा असेल, तर गिऱ्हाईक कशाला कमी पडेल!

आणि मग बारकाल्डिन. इथे थांबायलाच हवं. मुख्य रस्त्यावर पबची रांगच आहे. एकाचं नाव आर्टिशियन हॉटेल, कारण या गावाला जगवलं ते जमिनीतल्या पाण्यानं. बोअर मारला की पाणी स्वतःच्या दाबानं वर येतं, तेही गरम. अशा पाण्यालाच आर्टिशियन म्हणतात.

1891 मध्ये लोकर कातरणाऱ्यांनी संप केला, तेव्हा ते रेल्वे स्टेशनसमोरच्या एका झाडाखाली जमायचे. संप मोडला. पुढाऱ्यांना तीन वर्षांची कैद झाली. पण ऑस्ट्रेलियाचा मजूर पक्ष आपली मुळं याच झाडाखाली शोधतो. 2006 मध्ये कोणीतरी त्या झाडाला विष घातलं. आज त्याचा वाळलेला बुंधा लाकडी स्मारकाखाली उभा आहे.

या भागातल्या पबचं कौतुक करताना एक गोष्ट झाकता येत नाही. मजुरांच्या हक्कांच्या गप्पा जिथे रंगायच्या, तिथे सगळ्यांना जागा नव्हती. क्वीन्सलंडमध्ये बायकांना सार्वजनिक बारमध्ये पेला मिळत नसे. 1965 मध्ये ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात दोघींनी स्वतःला बारच्या दांडीला साखळीनं बांधून घेतलं, तेव्हा कुठे वाद पेटला. कायदा बदलायला 1970 उजाडलं. आदिवासींना दारू विकणं तर कित्येक दशकं गुन्हाच होता. ज्यांच्या जमिनीवर हे पब उभे राहिले, त्यांनाच आत प्रवेश नाही!

आता गिऱ्हाईक बदललंय. काही पब मागच्या मोकळ्या जागेत व्हॅन लावू देतात. अपेक्षा एवढीच, की जेवण आत घ्यावं. आपलीही सोय होते, कारण इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के आहे आणि पोलीस कुठेही थांबवून फुंकायला लावतात. व्हॅन एकदा लागली की किल्ली सकाळपर्यंत खिशातच.

उद्या लाँगरीच, बारकाल्डिनहून फक्त 107 किलोमीटर. तरी ऊन चांगलं वर आल्यावरच निघायचं. पहाटे आणि संध्याकाळी रस्ता कांगारूंचा असतो.