पॉइंट ३२ पिस्तूल, गोव्याचा पाऊस आणि ते चामड्याचं केस

नमस्कार मंडळी, फोंड्यातून बोलतोय, मागे पत्र्यावर पावसाचा आवाज येईल पण व्हिडिओ आजच करतोय, कारण विषयच पावसाचा आहे. कमेंटमध्ये रोज एकच प्रश्न, जुन्या घाटाचं छोटं पिस्तूल घ्यायचंय, कुठलं घेऊ आणि सांभाळू कसं.

कायद्याचं पटापट सांगतो. आधी लायसन्स, मग पिस्तूल. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, उत्तर गोव्यातले पणजीला, दक्षिणेतले मडगावला. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारशानं आलेलं धरून, आणि लायसन्स पाच वर्षांचं. ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप, ते आपल्यासाठी नाही. म्हणून आपल्याकडे पिस्तूल म्हटलं की बहुतेक वेळा पॉइंट ३२. हे गोळीचं माप, त्याचंच मिलिमीटरमधलं नाव ७.६५ ब्राउनिंग. ही गोळी १८९९ ची, अमेरिकन हत्यार-रचनाकार जॉन ब्राउनिंगची. पहिल्या महायुद्धात पोर्तुगालने अमेरिकेतून सॅव्हेज पिस्तुलं घेतली तीसुद्धा याच ७.६५ ची, हे आपल्या गोव्यात किती जणांना माहीत आहे! आणि ज्या भावाने लिहिलंय की १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं पिस्तूल पॉइंट ३२ होतं, तर नाही, ते एफएन १९१० होतं पण पॉइंट ३८० मधलं. हे मॉडेल दोन्हीत यायचं, म्हणून गोंधळ होतो.

नवीन पाहिजे तर सरकारी ऑर्डनन्स कारखान्याचं अशनी पिस्तूल आहे. जुनं इंपोर्टेड, वेब्ली स्कॉट, वॉल्थर पीपी, कोल्ट १९०३ वगैरे, सामान्य माणसाला बाहेरून आणणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं, त्यामुळे जे आहे ते एका लायसन्सवरून दुसऱ्या लायसन्सवर फिरतंय आणि भाव तसाच. जुनं घेताना मॅगझिनचे, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीचे, वरचे ओठ बघा, वाकलेले असतील तर गोळी नीट चढत नाही, आणि दुसरं ओरिजिनल मॅगझिन सोबत मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या, नंतर शोधून सापडत नाही. आणखी एक, रिव्हॉल्व्हरची पॉइंट ३२ आणि पिस्तुलाची पॉइंट ३२ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. डब्यावर काय छापलंय ते वाचा, डीलरला हत्यार दाखवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. चामड्याच्या केसमध्ये पिस्तूल ठेवू नका. बाबांना सत्तर झाली तेव्हा २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांचं वेब्ली माझ्या लायसन्सवर आलं, सोबत त्यांचं चामड्याचं केस, इतकं सुंदर, आत मखमल. मी त्यातच घालून कपाटात कुलूपबंद केलं आणि जूनपासून उघडलंच नाही, कामाच्या धावपळीत राहून गेलं. चवथीला घरी सगळे जमले, काकांनी विचारलं म्हणून काढलं. हे बघा, जवळून दाखवतो. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, या बाजूला तपकिरी ठिपक्यांची सरळ ओळ दिसतेय? ही केसची शिलाई आहे. जिथे जिथे दोरा टेकला तिथे तिथे गंज. बाबा काही बोलले नाहीत, नुसता अंगठा फिरवत राहिले त्यावरून. ते मी विसरू शकत नाही.

कारण काय, तर चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेलं रसायन त्यात असतं, आणि आपल्याकडे दर्याचा खारा वारा. वरची काळी-निळी झिलई, ब्लूइंग म्हणतात ते, रंग नाही, लोखंडावरचा अगदी पातळ थर आहे, त्यावर तेल नसेल तर गंज थांबत नाही.

"आमचं केस तर एकदम कोरडं असतं" अशी कमेंट होती. मग चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर राहिलेल्या गोळ्या काढून बघा. पितळेवर हिरवा थर येतो की नाही? कोरड्या दिसणाऱ्या चामड्यानेच तो आणलाय. पितळेला सोडत नाही ते लोखंडाला सोडणार आहे काय?

आणि निवडणूक! आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायला सांगतात, आपण चामड्याच्या केससकट देऊन येतो आणि तिथे ते महिनोन्महिने पडून राहतं. माझ्या ओळखीच्या एका कुळागरवाल्याचं पिस्तूल असंच परत आलं, स्लाइड ओढायला दोन माणसं लागली. जमा करायच्या आदल्या रात्री तेलाचा हात फिरवा, तेलकट सुती कापडात गुंडाळा, केस घरी ठेवा, पावती घ्या आणि पावतीवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा.

घरी काय करायचं? घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, रंग बदलला की जेल गरम करून सुकवायचं किंवा बदलायचं, आणि डबा कुलपात. पावसात दर पंधरा दिवसांनी पुसायचं. पुसायच्या आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, डोळ्यांनी बघा. मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत असू शकते, दर वेळी बघा, कालच बघितलं असेल तरी बघा. हात लावल्यावर घामाचे ठसे राहतात, म्हणून ठेवताना परत एकदा कापड फिरवा. तेल पातळच. गोळ्यांना तेल अजिबात नको, प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, शिरलं तर गोळी वाया. आणि वर्षातून एकदा मुठीच्या पट्ट्यांचा स्क्रू काढून खाली बघा, तिथे घाम साचतो, माझ्याकडे सगळ्यात खोल खड्डा तिथेच निघाला.

तुमच्या पिस्तुलावर गंज असेल तर फोटो पाठवा, बघून सांगतो, पण सिरियल नंबर आणि लायसन्स नंबर झाकून. परवा एकाने दोन्ही उघडे टाकले होते, मी ती कमेंट लगेच काढली.