कॉटनवुड फॉल्स : न्यायालयाने धरून ठेवलेले गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांमध्ये, कॉटनवुड नदीच्या काठी कॉटनवुड फॉल्स वसले आहे. २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या हजारापर्यंतही पोहोचली नाही. तरीही चेस काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे, मुख्यालय येथेच असल्याने जमिनीची नोंद असो, कर असो वा खटला, आसपासच्या पशुपालकांना या गावाची पायरी चढावीच लागते.

विटांनी बांधलेल्या ब्रॉडवे रस्त्याच्या टोकाला ती पायरी आहे. वास्तुविशारद जॉन हॅस्केल यांनी आखलेली, घडीव चुनखडीची ही न्यायालयाची इमारत १८७३ साली पूर्ण झाली. काउंटीचा कारभार सुरू होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती, त्यामुळे विरळ वस्तीच्या या लोकांनी केवढी हिंमत बांधली असेल, याचे आजही नवल वाटते. लाल उतरत्या छपरावर घड्याळाचा मनोरा आहे आणि आत काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना वळणे घेत वर चढत जातो. कॅन्ससमध्ये आजही वापरात असलेले हे सर्वांत जुने काउंटी न्यायालय होय.

सांता फे रेल्वे मात्र गावात आली नाही. ती सुमारे तीन किलोमीटर उत्तरेकडून गेली आणि तिच्या कडेला स्ट्राँग सिटी उभी राहिली. रेल्वेने टाळलेली कित्येक गावे त्या काळात ओस पडली. हे टिकले, ते आमच्या मते न्यायालयामुळेच.

येथे मातीचा थर पातळ आणि खाली चकमकीचे दगड, म्हणून नांगर चालला नाही. त्यामुळेच उत्तर अमेरिकेत चार टक्क्यांहूनही कमी उरलेल्या उंच गवताच्या मूळ कुरणांपैकी बहुतेक याच टेकड्यांवर आहेत. वसंतात वाऱ्याचा अंदाज घेऊन, पाण्याच्या टाक्या गाड्यांवर चढवून, शेजारीपाजारी मिळून ही कुरणे जाळतात. जुने गवत आणि उगवू पाहणारी झुडपे जळतात, काळ्या जमिनीतून कोवळे पाते वर येते आणि त्यावर उन्हाळाभर गुरे पोसली जातात.

शेजारच्या स्ट्राँग सिटीतील रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारी आणि गुरे पकडण्याच्या कसबाच्या स्पर्धा, १९३८ पासूनचा आहे. दोन्ही गावांची मुले प्राथमिक शाळेसाठी तिकडे जातात आणि पुढच्या इयत्तांसाठी इकडे, कॉटनवुड फॉल्सला येतात.