आठ लाखांचे पासबुक

थायलंडमधील पटायाच्या दक्षिणेला, जोम्तिएनच्या किनाऱ्यालगत, सोई पाच नावाची गल्ली आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील या गल्लीत सकाळी लागलेली, पडद्यावर दिसणारी ही रांग इमिग्रेशन कार्यालयाची आहे. रांगेतील बहुतेकांनी साठी ओलांडलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची फाइल आहे. निवृत्तीनंतरचे आयुष्य येथे काढण्यासाठी आलेल्या परदेशी नागरिकांना वास्तव्याची मुदतवाढ एका वेळी एकाच वर्षाची मिळते. माणूस वीस वर्षे येथे राहिला तरी ती आपोआप कायमची होत नाही, त्यामुळे ही फाइल दर वर्षी नव्याने भरावी लागते.

अर्जदाराने वयाची ५० वर्षे पूर्ण केलेली असावीत, ही अट सोपी आहे. खरी परीक्षा पैशांची असते. थायलंडमधील बँकेत ८ लाख बाट, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम, अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असली पाहिजे. नाही तर दरमहा ६५ हजार बाटचे उत्पन्न दाखवावे लागते, किंवा उत्पन्न आणि ठेव यांची वार्षिक बेरीज ८ लाखांवर न्यावी लागते. उत्पन्नाचा मार्ग पूर्वी सुकर होता, कारण अर्जदाराच्या देशाचा दूतावास उत्पन्नाचे पत्र देत असे. अर्जदाराने सांगितलेल्या आकड्याची शहानिशा आपण करू शकत नाही, असे कारण देऊन ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दूतावासांनी २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ही पत्रे देणे थांबवले. तेव्हापासून या देशांच्या पेन्शनरांना परदेशातून दरमहा आलेल्या रकमेच्या बँकेतील नोंदी दाखवाव्या लागतात किंवा सरळ ठेवीचा मार्ग धरावा लागतो.

आता हे पासबुक जवळून पाहू. शेवटच्या ओळीत शंभर बाट जमा झाल्याची आजचीच नोंद आहे. खाते चालू आहे आणि शिल्लक आजची आहे, हे खिडकीवर दिसावे म्हणून माणसे अर्जाच्या दिवशी आधी बँकेत जाऊन अशी किरकोळ रक्कम भरतात, पासबुक छापून घेतात आणि शिलकीचे पत्रही घेतात. मग पासपोर्टच्या आणि पासबुकाच्या पानांच्या झेरॉक्स निघतात, आणि त्या प्रत्येक प्रतीवर अर्जदार निळ्या शाईने सही करतो. थरथरत्या हाताने पंधरा-वीस सह्या करायला किती वेळ लागतो, ते पडद्यावर दिसतेच आहे. या गठ्ठ्यावर टीएम-७ हा अर्ज, त्यावर फोटो आणि सोबत १,९०० बाट शुल्क असते.

पैसे दाखवले म्हणजे सुटका झाली, असे मात्र नाही. २०१९ पासून लागू असलेल्या नियमानुसार मुदतवाढ मिळाल्यानंतर तीन महिने ८ लाखांना हात लावता येत नाही, त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ देता येत नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती पुन्हा ८ लाखांवर आणावी लागते. परदेशी वृद्धांच्या आजारपणाचा बोजा देशावर पडू नये, हा या ठेवीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु तोच वृद्ध खरोखर रुग्णालयात दाखल झाला आणि त्याने बिलासाठी ही ठेव मोडली, तर पुढच्या वर्षीची मुदतवाढ धोक्यात येते. अडीअडचणीसाठी ठेवायला लावलेला पैसा अडचणीतच वापरता येऊ नये, ही या नियमातील मोठी विसंगती आहे.

ओ-ए, म्हणजे मायदेशातूनच काढलेल्या निवृत्तीच्या व्हिसावर आलेल्यांना २०१९ च्या ऑक्टोबरअखेरपासून आरोग्य विमाही सक्तीचा झाला आणि पुढे त्या विम्याची किमान रक्कम ३० लाख बाटपर्यंत वाढवण्यात आली. सत्तरी-पंच्याहत्तरीत असा विमा मिळणे अवघड आणि मिळालाच तर महाग असल्यामुळे, काही जण देशाबाहेर जाऊन, ही सक्ती नसलेल्या साध्या ओ व्हिसावर परत येण्याचा वळसा घेतात.

वर्षभराची परवानगी हाती असली तरी दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो आणि घरमालकालाही परदेशी भाडेकरू राहायला आल्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते. या दोन्ही तरतुदी १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातील आहेत.

यातून मोकळे होण्याचे मार्ग श्रीमंतांसाठी आहेत. २०२२ पासून सुरू झालेला दहा वर्षांचा दीर्घकालीन व्हिसा निवृत्तांना हवा असेल, तर वर्षाला ८० हजार डॉलर उत्पन्नाची अपेक्षा ठेवली जाते. पाच-पाच वर्षांचा ओ-एक्स व्हिसा चौदा देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईहून येऊन येथे निवृत्तीचा काळ घालवू पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या वाट्यालाही हीच वार्षिक रांग येते.

परत येण्याची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकल्यास मुदतवाढ रद्द होते. ही परवानगी एका वेळेसाठी १,००० आणि अनेक वेळांसाठी ३,८०० बाटला मिळते. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाटप्रमाणे जास्तीत जास्त २० हजारांचा दंड होतो, आणि ९० दिवसांपेक्षा अधिक काळ तसे राहिलेल्यांवर एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी येते.