रणवार : वांद्र्याच्या पोटातलं गाव

(दृश्य : संध्याकाळचा हिल रोड. गर्दी, दुकानं, बस. कॅमेरा एका अरुंद गल्लीत वळतो.)

हिल रोडवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांचे स्टॉल, चपलांची दुकानं, मधूनच घुसणाऱ्या रिक्षा, बसचे हॉर्न. या गर्दीतून चॅपल रोडच्या बाजूला वळलं की आवाज हळूहळू मागे पडतो. गल्ली इतकी चिंचोळी होते की समोरून गाडी आली तर कुणाच्या तरी ओट्यालगत अंग चोरून उभं राहावं लागतं. व्हेरोनिका स्ट्रीट, वरोडा रोड आणि त्यांच्यामधल्या बोळांचं हे जाळं म्हणजे रणवार. मुंबईतल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एका जमिनीवर वसलेलं, काही मिनिटांत चालून होईल एवढंसं गाव.

गाव हा शब्द इथे शोभेसाठी वापरलेला नाही. वांद्रे हे मुळात चोवीस पाखाड्यांचं. रणवार, चिंबई, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी, वरोडा… पाखाडी म्हणजे शेतांच्या आणि वाड्यांच्या मधली वस्ती. प्रत्येकीची आपली विहीर, आपला क्रूस, आपली माणसं. पश्चिमेला समुद्र, चिंबईला कोळ्यांच्या होड्या, मध्ये भातखाचरं आणि वर पालीची टेकडी. आज ज्या रस्त्यांवर परदेशी गाड्यांची शोरूम आणि काचेच्या दारांची कॅफे दिसतात, तिथे पावसाळ्यात लावणी व्हायची.

(दृश्य : एका जुन्या घराचा दर्शनी भाग. कॅमेरा छपरापासून सावकाश खाली येतो.)

हे घर नीट पाहा. वर मंगळुरी कौलं. छपराच्या कडेला लाकडाची कातरलेली झालर. तिच्यामुळे पावसाची झड आत येत नाही आणि ऊनही अडतं. खाली ओटा, ओट्यावर बाकडं, दरवाजाशेजारी भिंतीत क्रुसासाठी छोटा कोनाडा. आणि जिना घराच्या बाहेरून वर गेलेला. रणवारच्या जुन्या घरांची ही ठळक खूण. वरचा मजला भाड्याने द्यायचा, म्हणजे भाडेकरूची ये-जा घरमालकाच्या स्वयंपाकघरातून नको. कुटुंब वाढलं, भाऊ वेगळे झाले, तरी हाच जिना कामाला आला. या घरांचं अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर सुरुवात याच जिन्यापासून करावी लागते. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आधी इथली माणसं.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा सगळा किनारा पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्यानंतर वांद्रे ज्या बेटावर आहे त्या साष्टीतल्या कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, कुंभार अशा अनेक जातींतल्या माणसांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आडनावं बदलली, पण शेत तेच राहिलं, जाळं तेच राहिलं, बोलीही तीच राहिली. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च 1575 चं. समुद्राकडे तोंड करून ते आजही उभं आहे, आणि त्याच्या आवारात एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस आहे. त्यावर येशूच्या दुःखभोगाची चिन्हं कोरलेली आहेत. पुढे 1737 मध्ये साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं काबीज केलं. तीन सत्ता आल्या आणि गेल्या, भाताची कापणी मात्र दर वर्षी होत राहिली.

एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळुराहून आगबोटींनी ख्रिस्ती माणसं मुंबईत नोकरीला येऊ लागली. सरकारी कचेऱ्यांच्या लेखी सगळे सारखेच. आपण इथले मूळचे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे, हे वेगळेपण दाखवायला स्थानिकांनी 1887 च्या 26 जूनला बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. तेव्हापासून या समाजाचं नाव ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी असल्यामुळे पुष्कळ मराठी माणसांचा आजही समज होतो की हे लोक बाहेरून आलेले. मला याचं मनापासून वाईट वाटतं. रणवारच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीशी दोन मिनिटं बोललं तर ती आगरी-कोळी वळणाच्या मराठीत विचारते, कुठून आलास, जेवलास का. मुंबईत जी मराठी सर्वांत आधी बोलली गेली, तिच्या नात्यातली बोली या ओट्यांवर टिकली आहे, आणि आपण तिथून फोटो काढून निघून जातो.

(दृश्य : जुन्या वांद्र्याचे फोटो. माहीमचा कॉजवे, रेल्वे स्टेशन.)

वांद्र्याचं उपनगर झालं ते दळणवळणामुळे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होडी उलटायची, माणसं बुडायची. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी दिलेल्या पैशातून 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. 1867 मध्ये लोकल आली. 1876 मध्ये वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. मुंबईतल्या धनिकांना समुद्राची हवा हवी होती. पालीच्या टेकडीवर आणि माउंट मेरीच्या उतारावर बंगले उठले. 1915 च्या नगररचना कायद्यानंतर खाचरांचे सरळ रेषेत प्लॉट पडले. आजही वांद्र्याच्या पत्त्यांत टीपीएस, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, अशी अक्षरं दिसतात, ती त्या योजनांची. रणवारसारखी गावठाणं त्या सरळ रेषांच्या मध्ये वाकड्यातिकड्या बोळांसकट तशीच राहिली, कारण तिथे आधीच घरं होती.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. शहरातून माणसं उपनगरांकडे पळाली आणि रोगही त्यांच्यामागून आला. गावाच्या वेशीवर, विहिरीजवळ, घरांच्या कोपऱ्यावर लोकांनी क्रूस उभारले. वांद्र्यात फिरताना क्रुसांच्या चौथऱ्यांवर त्या सुमाराची सालं वाचायला मिळतात. या क्रुसांपाशी शेजारपाजारची माणसं अजूनही जमतात, प्रार्थना म्हणतात, आणि नंतर उकडलेले चणे वाटले जातात.

(दृश्य : एप्रिल महिना. गच्चीवर चादरीवर पसरलेल्या लाल मिरच्या.)

आता जरा थांबू या. एप्रिल-मे महिन्यात ईस्ट इंडियन घरात जे चालतं, ते घाईने सांगण्यासारखं नाही.

लाल मिरची आधी कडक उन्हात वाळते. इतकी, की हातात घेऊन हलवली तर आतल्या बिया वाजल्या पाहिजेत. मग देठं खुडायची. हळद, धणे, जिरं, मोहरी, तीळ, खसखस, बडीशेप, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल, कबाबचिनी… यादी प्रत्येक घराची निराळी, आणि प्रत्येक घराला आपलीच यादी खरी वाटते. सोबत थोडे गहू, थोडी चण्याची डाळ, म्हणजे रश्शाला दाटपणा येतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खसखस आणि नागकेशर एकाच आचेवर भाजले तर एक कच्चा राहील किंवा दुसरा करपेल. मग उखळ आणि लांब मुसळं. दोन-तीन बायका एकाच उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने घाव घालतात. कुणाचं मुसळ कधी खाली येणार याची लय चुकली तर मुसळावर मुसळ आदळतं. गल्लीत शिरणाऱ्याला आधी शिंक येते, मग कळतं की कुणाचा तरी मसाला चालू आहे.

तयार मसाला बिअरच्या गडद बाटल्यांमध्ये काठीने ठासठासून भरतात. हवा राहता कामा नये. काच गडद असल्यामुळे उजेड आत जात नाही, रंग वर्षभर टिकतो. म्हणून हा बॉटल मसाला. त्यात मटण होतं, मासे होतात, साधी भाजीसुद्धा होते. परदेशी गेलेल्या लेकीच्या बॅगेत सर्वांत आधी हीच बाटली जाते, कपडे नंतर.

सणाला, लग्नाला फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध. पूर्वी पीठ फुगवायला ताडी घालायचे. आंबलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दाबायचं, की गोळा बाहेर येतो. तो ओल्या हाताने तेलात सोडायचा. तेलात तो स्वतःच फिरतो आणि गोल फुगतो. सांगायला सोपं आहे. मुठीवरचा दाब कमीजास्त झाला की फुग्याला शेपूट येतं, आणि स्वयंपाकघरातली वडीलधारी बाई तो हळूच बाजूला काढून ठेवते.

लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी. बँडच्या तालावर बायका लाल चौकटीची लुगडी नेसून विहिरीवर जातात, पाणी काढतात, त्या पाण्याने नवऱ्यामुलीची अंघोळ होते. शेवटची ओवी होईपर्यंत कुणी हलत नाही. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि मग घरोघर वाटायच्या. वांद्र्यात आता भाताचं शेत उरलेलं नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरी सण होतो. शेतकऱ्याची पोरं आहोत, हे विसरायला ही माणसं तयार नाहीत.

सप्टेंबरात मोत मावलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर सगळी मुंबई टेकडीवर लोटते. हिंदू, पारशी, कोळी, सगळे. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, घर हवं असेल तर मेणाचं घर. सध्याचं चर्च 1904 चं. त्या आठवड्यात रणवारच्या घरांमध्ये पाहुण्यांना झोपायला जागा पुरत नाही.

मेणाचं घर वाहणाऱ्या त्या रांगेत हल्ली रणवारचीही माणसं असतील, असं मला नेहमी वाटतं. कारण आता जिन्याची गोष्ट.

(दृश्य : बाहेरचा जिना, वरच्या मजल्याचं बंद दार. मागे उंच इमारत.)

वांद्र्यातल्या जागेचे भाव सगळ्यांना माहीत आहेत. त्यामुळे गावठाणात घर असलेला माणूस कोट्यधीश, असं बाहेरच्यांना वाटतं. कागदावर तो आहेच. पण 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली, 1999 चा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंची भाडी नाममात्रच राहिली. वरच्या मजल्यावर दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाकडून जे भाडं मिळतं, त्यात पावसाळ्याआधी कौलं परतायचीही मजुरी निघत नाही. सागवानी तुळईला वाळवी लागली तर ती बदलणारा सुतार मिळणं कठीण, मिळाला तर त्याची मजुरी झेपणं कठीण.

त्यात मालकी. घर पणजोबांच्या नावावर, वारस वाढत गेलेले. कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी वसईला. दुरुस्तीसाठी पैसे काढायचे तर सगळ्यांनी हात आखडलेला. विकायचं ठरलं तर मात्र एक सही अडली तरी व्यवहार अडतो. बांधकाम व्यावसायिक धीराने थांबतो. गावठाणातला प्लॉट लहान, रस्ता अरुंद. नवी इमारत बांधायची तर रस्तारुंदीसाठी जागा सोडावी लागते, मग उरतं काय? म्हणून तो एक घर घेऊन थांबत नाही, लागून असलेली दोन-तीन घेतो आणि प्लॉट एकत्र करतो. मधलं घर विकायला तयार नसेल तर ते दोन उंच भिंतींच्या मध्ये सापडतं. हवा जाते, ऊन जातं, पावसाचं पाणी तुंबायला लागतं. मग एक दिवस तेही जातं. गाव असं घराघराने जातं, आणि प्रत्येक विकणाऱ्याचं कारण खरं असतं. त्याला दोष देण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही.

(दृश्य : चॅपल रोडवरची भित्तिचित्रं, फोटो काढणारी तरुण मुलं.)

गेल्या काही वर्षांत इथल्या भिंतींवर चित्रं आली. रणजित दहिया यांनी 2012 पासून हिंदी सिनेमातले चेहरे वांद्र्याच्या भिंतींवर मोठ्या आकारात रंगवले. चित्रं सुंदर आहेत. जुन्या घरांच्या तळमजल्यांवर कॉफीची दुकानं, शिंप्यांच्या जागी बुटिक आली. काही घरं त्या भाड्यावरच तगली, हेही मान्य करायला हवं. पण मला मोलाचं वाटतं ते भिंतीच्या आत चाललेलं. ओट्यावर बसून पेपर वाचणारा म्हातारा उठून गेला आणि तिथे टेबल मांडलं गेलं, तर कौलं, झालर, जिना सगळं जागच्या जागी असूनही क्रुसापाशी चणे वाटायला कोण येणार?

(दृश्य : क्रुसाभोवतीचा चौक, खेळणारी मुलं.)

मुंबईतल्या गावठाणांसाठी मोबाई गावठाण पंचायतीसारख्या संघटना काही वर्षं झगडत आहेत. गावठाणांच्या हद्दी नीट मोजून नकाशावर याव्यात, जुन्या वस्त्यांना झोपडपट्टी समजलं जाऊ नये, ही त्यांची मुख्य मागणी. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 122 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे त्यासाठी नवा कायदा करायचीही गरज नाही. मोजणी होऊन तेवढ्यावर थांबता मात्र येणार नाही. एकमजली घर एकमजलीच ठेवून दुरुस्त करणाऱ्याला परवानगी पटकन मिळाली पाहिजे, न वापरलेल्या बांधकामाच्या हक्काचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि सुतार, गवंडी, कौलं बसवणारे यांच्या मजुरीला हातभार लागला पाहिजे. रणवारमध्ये आज जी कुटुंबं घर न विकता राहिली आहेत, ती स्वतःच्या खिशातून हा खर्च करत आली आहेत. त्यांच्या मुलांनाही तो झेपेल की नाही, हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे.